लोरेटाचा तिसरा प्रश्न

डॉगवुड कोर्टवर कुणी कुणाला ‘कशी आहेस?’ असं विचारत नसे. ‘काय इंटेल?’ असं विचारत. कचऱ्याचा डबा रस्त्यावर लोटत आणताना, पोरांना शाळेच्या बसमध्ये चढवताना, कुंपणावरून वाडगं परत देताना, प्रत्येक वेळी तेच.

“काय इंटेल?”

“छावणीच्या दुकानात कोंबडीच्या तंगड्या स्वस्त लागल्यात. आणि दाताच्या दवाखान्यातला तो नवा पोरगा म्हणे साखरपुडा झालेला आहे.”

“पक्कं?”

“तंगड्यांचं पक्कं, मी पिशवीत घालून आणल्यात. पोराचं डीनाकडून आलंय.”

मग दोघी हसत.

नॉर्थ कॅरोलायनातल्या त्या छावणीच्या कुंपणाला लागून असलेली ही बंद गल्ली. बावीस घरं, त्यातली बरीचशी जोडघरं. सगळ्या घरांतले पुरुष एकाच तुकडीचे आणि त्या वर्षी, म्हणजे दोन हजार सातला, सगळे इराकमध्ये. इंटेल हा शब्द त्यांचाच. मूळचा लांबलचक इंटेलिजन्स. शाळेत त्याचा अर्थ बुद्धी, पण फौजेत शत्रूबद्दल मिळवलेली, पारखून घेतलेली माहिती. बोलता बोलता त्याचा मागचा निम्मा भाग गळून पडला आणि उरलेला, नवऱ्यांच्या बुटांना चिकटलेल्या लाल मातीसारखा, घराघरांत आला. पायपुसण्यावर तो काही झटकला गेला नाही. बायकांनी तो उचलला आणि आपल्या कामाला लावला. कुणाची बदली कुठे, कुणाला दिवस गेलेत, तुकडी परत कधी येणार, सगळं इंटेल. त्यातलं पारखलेलं किती, हे कुणी विचारत नसे.

फक्त लोरेटा टिडवेल विचारायची.

लोरेटा तेव्हा चव्वेचाळीस वर्षांची होती. तिचा नवरा रॉय त्या तुकडीचा फर्स्ट सार्जंट, सार्जंटांमधला सगळ्यात वरचा, त्यामुळे गल्लीतल्या पोरी तिला ‘मिस लोरेटा’ म्हणत आणि अहोजाहो करत. बुटकी, रुंद बांध्याची, केस कानाशी कापलेले. तिच्या स्वयंपाकघरात ओट्यावरच्या कपाटाच्या दाराला आतून एक यादी चिकटवलेली असे: बावीस घरं, नंबर, कोणी कुणाला फोन करायचा त्याचे बाण. छावणीच्या कचेरीतून निरोप आला की तो आधी लोरेटाकडे येई, ती चौघींना सांगे, त्या चौघी पुढच्यांना. निरोपात एक शब्द वाढवायचा नाही, एक गाळायचा नाही. एखादीनं वाढवलाच, तर लोरेटा दुसऱ्या दिवशी तिच्या दारात जाऊन उभी राहायची. रागवायची नाही. तीन प्रश्न विचारायची.

कोणी पाहिलं? केव्हा पाहिलं? आणि आपल्याला काय माहीत नाही?

पहिले दोन प्रश्न रॉयचे. लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी त्यानं जेवताजेवता सांगितलं होतं, “इंटेल म्हणजे काय, ठाऊक आहे का लॉरी? जिच्या भरवशावर मी माणसं पुढे पाठवीन ती. बाकी सगळ्या न्हाव्याच्या दुकानातल्या गप्पा.” तिसरा प्रश्न मात्र तिचा स्वतःचा. तो तिला महागात पडला होता.

एक्क्याण्णव साली, पहिल्या आखाती लढाईत, ती दुसऱ्या छावणीत राहत होती. शेजारी रूबी नावाची तिच्याहून थोडी मोठी बाई. रूबीचा नवरा पेट्रोलचे ट्रक चालवायचा. एके सकाळी लोरेटाला तिकडून कुणीतरी फोनवर सांगितलं, त्यानं स्वतः पाहिलं होतं, की ट्रकांचा ताफा सुखरूप पोचला. लोरेटा ओले हात झग्याला पुसत कुंपणाकडे धावली. रूबीला रडू फुटलं. मग ती गावात गेली, पिवळा पोशाख घेतला, केस बसवून घेतले. दुपारी दोघं गणवेशधारी दारात आले तेव्हा तिच्या केसांना हेअरस्प्रेचा वास येत होता. ताफा पोचला होता, खोटं काहीच नव्हतं. मागे राहिलेल्या एका ट्रकचं कुणाला माहीत नव्हतं, आणि ते माहीत नाही हेही कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

रूबी कधी एका शब्दानं बोलली नाही. घर सोडून जाताना इतकंच म्हणाली, “त्या चार तासांबद्दल मी तुझी आभारी आहे, लोरेटा.” तो टोमणा होता की काय, हे लोरेटाला सोळा वर्षांत उमगलं नव्हतं.

तर त्या सप्टेंबरातला तो मंगळवार. दुपारी चारच्या सुमाराला लाइन गेली.

लाइन गेली म्हणजे तिकडून येणारं सगळं एकदम थांबलं. फोन नाही, ई-मेल नाही, संगणकावरच्या गप्पा नाहीत. गल्लीतल्या एकीचं नवऱ्याशी चारपर्यंत बोलणं चालू होतं. वाक्य अर्ध्यात तुटलं. असं का होतं ते सहा वर्षांच्या पोरालाही ठाऊक होतं. तिकडे कुणी मेलं, की पहिला अर्धा तास उलटायच्या आत तळावरच्या सगळ्या तारा बंद करतात. त्याच्या घरच्यांना सरकारी माणसांनी समोर उभं राहून सांगेपर्यंत कुणी कुणाशी बोलायचं नाही. त्यांनी सांगितलं की तारा पुन्हा सुरू. जखमी झाला तर फोन येतो. गेला तर माणसं येतात. दोघं, समारंभाच्या गणवेशात, त्यातला एक बहुधा पाद्री. पहाटे पाचपासून मध्यरात्रीपर्यंत केव्हाही.

तेव्हा बुधवारी पहाटे पाचला गल्लीतले सगळे दिवे लागलेले होते.

अशा दिवशी बायका घर आवरत. हे कुणी कुणाला शिकवलेलं नव्हतं. फरशी पुसायची, सिंक रिकामं करायचं, न्हाणीघरातले टॉवेल बदलायचे, आणि अंगावर बरा कपडा चढवायचा. का, ते कुणी बोलून दाखवत नसे. आलेच तर त्यांना कॉर्नफ्लेक्सची वाडगी बाजूला सारून बसायला लागू नये, एवढंच. डॉगवुड कोर्टवरून चाललं की सगळीकडून ब्लीचचा वास यायचा, आणि मग कळायचं की सगळ्याजणी घाबरलेल्या आहेत.

लोरेटानं आपली फरशी साडेपाचलाच पुसली. रॉयचं नाव तिनं मनात घेतलं नाही. घेतलं असतं तर हात थांबले असते.

सात वाजता मागच्या दारावर टकटक झाली. मारिसोल ओकाम्पो. टेक्सासची, बावीस वर्षांची, सातवा महिना. नवरा टिओ तिसऱ्या प्लॅटूनमध्ये. नऊ नंबरच्या जोडघरात डाव्या अर्ध्यात ती राहायची, उजव्या अर्ध्यात डीना क्रोल. दोघींचा व्हरांडा एकच, गाडी लावायची जागाही एकच. दारं मात्र दोन.

“मिस लोरेटा, मी इथे बसू का जरा?”

“बस ना. खाल्लंस?”

“नाही.”

लोरेटानं गरम, मऊ पावासारखी बिस्किटं आणि लोणी पुढे ठेवलं. मारिसोलनं एक उचललं, त्याचे चार तुकडे केले आणि चारही तसेच ठेवले. पाय सुजलेले होते, चपलेचा पट्टा लागत नव्हता.

“घरी का नाही थांबलीस, बाळ?”

मारिसोलनं ते चार तुकडे एका ओळीत लावले. मग हळूच म्हणाली, “मी घरी नसले तर त्यांना सांगता येणार नाही. येईल का? शेजाऱ्यांना सांगत नाहीत, चिठ्ठी ठेवत नाहीत. मला माहितीय. म्हणजे जोवर मी इथं बसलेय तोवर...”

लोरेटानं लोण्याची वाटी तिच्याकडे सरकवली. ही चूक या गल्लीत ती पहिल्यांदा बघत नव्हती. मागच्या खेपेला एक बाई तीन मुलांना गाडीत घालून दिवसभर मॉलच्या वाहनतळावर बसून राहिली होती. पण त्याचा हिशेब असा होता की, जिच्या घरी ते जाणार ती सापडेपर्यंत तारा बंद. एकीनं दार उघडलं नाही तर बाकीच्या एकवीसजणींचा जीव टांगणीला. हे मारिसोलला समजत नव्हतं असं नाही. सात महिन्यांच्या पोटाला ते समजावून सांगणं कठीण होतं.

“दुपारपर्यंत बस,” लोरेटा म्हणाली. “मग मी तुझ्याबरोबर घरी येईन.”

“दुपारी म्हणजे किती वाजता?”

“भूक लागेल तेव्हा.”

दहा वाजता लोरेटानं कचेरीत फोन केला. पलीकडे लेफ्टनंट पर्व्हिस, मागे राहिलेला तरणा अधिकारी. “मॅम, मला काही सांगता येणार नाही.”

“मी विचारत नाही, पोरा. तू काही खाल्लंस का एवढंच विचारतेय.”

थोडा वेळ आवाज आला नाही. “नाही, मॅम.”

लोरेटानं फोन ठेवला. त्या थोड्या वेळातून तिला एवढंच कळलं, की त्याला नाव ठाऊक आहे. ते कुणाचं, हे ऐकण्यासाठी तिनं कान दिला होता का? दिला होता. ‘मॅम’ म्हणताना त्याचा आवाज नेहमीपेक्षा मऊ होता का? रॉयचं असेल तर तो तिच्याशी बोलला तरी असता का? तिनं नळ सोडला आणि स्वच्छ असलेली कढई पुन्हा घासायला घेतली.

दीड वाजून गेला असेल. ओट्यावरच्या खिडकीतून गल्लीचं तोंड दिसतं. एक काळी सरकारी गाडी वळली. हळू, नंबर वाचत येणाऱ्या गाडीसारखी. लोरेटाच्या हातात चहाचा जग होता, बर्फ घातलेला. तिनं तो खाली ठेवला, आवाज न करता. गाडी तिच्या घरापाशी आली, चौदा नंबर.

गाडी पुढे गेली. नऊ नंबरच्या समोर वळून जोडघराच्या सामायिक जागेत थांबली. दोघं उतरले. एकाच्या कॉलरवर क्रूस चमकला.

लोरेटाच्या पाठीशी मारिसोल मेजावर डोकं टेकून बसली होती. तिला खिडकी दिसत नव्हती.

आता एक गोष्ट लोरेटाला पक्की ठाऊक होती: तिनं स्वतः पाहिलं होतं, आत्ता पाहिलं होतं. नऊ नंबर. आणि एक गोष्ट ठाऊक नव्हती: डावं दार की उजवं. व्हरांड्यावरचा मोठा खांब मधे येत होता. दोघं कुठल्या दारासमोर उभे आहेत ते इथून दिसत नव्हतं. थोड्या वेळानं ते परत मागे आले आणि गाडीला टेकून उभे राहिले. म्हणजे ज्या दारावर वाजवलं ते उघडलं नव्हतं.

मारिसोल इथे होती. मग डीना?

उत्तर मागच्या दारातून आत आलं. डीना क्रोल धापा टाकत होती, पायांत दोन वेगळ्या चपला, केस वर कसेतरी बांधलेले. तिशीची, उंच, सदा हसरी; गल्लीतलं अर्धं इंटेल तिच्या तोंडून निघे आणि उरलेलं अर्धं तिच्या कानांवरून जाई. तिनं मारिसोलला पाहिलं आणि जागच्या जागी थांबली. मग लोरेटाचा दंड धरून तिला कपडे धुण्याच्या खोलीत ओढलं आणि दार लोटलं.

“मिस लोरेटा, ते आलेत. मी न्हाणीघराच्या खिडकीतून गाडी पाहिली नि मागच्या अंगणातून पळत आले. बिचारी पोर. तिला कसं सांगायचं?”

“त्यांनी तुझं दार वाजवलं?”

“कोण थांबलंय बघायला? माझ्याकडे कशाला येतील ते?” डीनानं खिशातून घडी घातलेला कागद काढला. “मी काल कुणाला दाखवलं नाही. शपथेवर सांगते. माझ्या आयुष्यात पहिल्यांदा मी इंटेल पोटात ठेवलंय, सकाळपासून मळमळतंय. बघा. वेसनं पाठवलंय.”

वेस म्हणजे तिचा नवरा, सार्जंट क्रोल; टेस त्यांची मुलगी. ई-मेल छापून घेतलेलं होतं. तीन ओळी. *आज ओकाम्पोच्या गाडीखाली स्फोट झाला. मी मागच्या गाडीत होतो, मला खरचटलंही नाही. कुणाला सांगू नकोस, टेसला पापी.*

“टिओच्या गाडीखाली,” डीना कुजबुजली. तिचे डोळे भरून आले होते. “आणि नंतर लाइन गेली. म्हणजे दोन नि दोन चारच की. मी सकाळपासून तिच्या भिंतीला कान लावून बसलेय. फरशीसुद्धा पुसली नाही मी, म्हटलं मला काय करायचंय पुसून, जाऊन तिचीच पुसून द्यावी. तर ही इथे.”

लोरेटा कागदाकडे बघत होती. तिचा अंगठा सगळ्यात वरच्या ओळीवर थांबला होता, जिकडे डीनाचं लक्षच नव्हतं. वेळ. मंगळवार, सकाळी दहा बावन्न. आपल्या घड्याळाची.

कोणी पाहिलं? वेसनं, स्वतः. केव्हा? दहा बावन्नच्या आधी. लाइन गेली चार वाजता.

त्या स्फोटात कुणी गेलं असतं, तर अर्ध्या तासात तारा तुटल्या असत्या. वेसला हे पत्र लिहिताच आलं नसतं. त्यानं निवांत बसून लिहिलं, टेसला पापी दिली, म्हणजे त्या स्फोटात कुणी गेलं नव्हतं. ज्याच्यासाठी लाइन गेली ते नंतर झालं होतं. अकरा ते चार. पाच तास. त्या पाच तासांत तिसरी प्लॅटून कुठे होती, कोण बाहेर गेलं, कोण झोपलं, यातलं या खोलीत कुणालाही काही माहीत नव्हतं. आणि डीना त्या कागदाच्या जोरावर सकाळपासून निर्धास्त होती. फरशीसुद्धा न पुसण्याइतकी.

“काय झालं?” डीनानं विचारलं.

सांगावं का? लोरेटानं तोंड उघडलं होतं. घड्याळाची ओळ दाखवायची आणि सांगायचं, बाई गं, हे तुझ्याकडेही आलेले असू शकतात. पण तेही अर्धंच. टिओही असू शकतो. स्फोटात वाचलेला माणूस संध्याकाळी गेल्याचं तिनं ऐकलं होतं. डीनाला आत्ता सांगायचं आणि निघायचा टिओ, मग तिला ही पाच मिनिटं उगाच जाळायची. नाही सांगायचं आणि निघायचा वेस, तर ती रूबीसारखी केस बसवून दारात जाणार. लोरेटाला रूबीच्या केसांचा वास आला. खरंच आला, ब्लीचच्या वर.

“डीना,” ती म्हणाली, “हा कागद खिशात ठेव. मारिसोलला यातला एक शब्द सांगायचा नाही. चांगलाही नाही, वाईटही नाही.”

“पण तिला तयार तरी...”

“आपल्याला माहीत नाही.”

“अहो, इथं लिहिलंय...”

“आपल्याला माहीत नाही, डीना. तुलाही नाही, मलाही नाही. तुझ्या घरापुढे गाडी उभी आहे, एवढंच माहीत आहे.”

‘तुझ्या घरापुढे’ हे शब्द तिनं मुद्दाम वापरले होते. तेवढंच तिला देता येत होतं. डीनानं ते ऐकले. एक क्षण तिच्या कपाळाला आठी पडली, मग ती विरली. कागद खिशात गेला.

“पायांत नीट चपला घाल,” लोरेटा म्हणाली. “त्या माझ्या घे, दारामागच्या.”

“कशाला?”

“तिघी जाऊ आपण. बाहेर पडल्यावर लोकांचं लक्ष जातं.”

डीना हसली. “तुम्ही पण ना.” तिनं लोरेटाच्या तपकिरी चपला घातल्या. एक नंबर लहान होत्या, टाचा बाहेर आल्या.

स्वयंपाकघरात मारिसोल उभी होती. खिडकीपाशी. तिनं पाहिलं होतं. दोन्ही हात पोटाखाली धरलेले, जसं कुणी जड परात धरतं तसे.

“मी नाही जाणार,” ती म्हणाली.

“बरं.”

“संध्याकाळपर्यंत थांबतील ते?”

“मध्यरात्रीपर्यंत थांबतील. मग पहाटे पाचला परत येतील.”

“मग थांबू देत.”

लोरेटा तिच्या शेजारी जाऊन उभी राहिली. दोघी खिडकीतून बघत होत्या. समोरच्या घरातला पडदा हलला, त्याच्या पुढच्या घरातलाही. पाद्री टोपी काढून घाम पुसत होता. उन्हात उभा, सावलीत जात नव्हता.

“बाळ, माझा रॉय पण तिकडेच आहे,” लोरेटा म्हणाली. “ती गाडी माझ्या दारापुढून गेली ना, तेव्हा मला आनंद झाला. तुला खोटं कशाला सांगू? ज्या बाईला आनंद झाला तिला तुला ‘जा’ म्हणायचा काही हक्क नाही. पण मी तुझा हात धरीन. आणि डीना दुसरा धरील.”

“त्यांनी माझं नाव घेतलं तर?”

“तर मी तिथे असेन.”

“आणि नाही घेतलं तर?”

लोरेटानं डीनाकडे पाहिलं नाही. “तरीही असेन,” ती म्हणाली.

पाच घरांचं अंतर. मधे मारिसोल, डावीकडे लोरेटा, उजवीकडे डीना. सप्टेंबरचं ऊन, पाइनच्या सुयांचा करकर आवाज. डीना सारखी बोलत होती, हळू आवाजात, वासराला चुचकारावं तशी. “श्वास घे. असं. मी आहे ना भिंतीपलीकडे. रात्री-बेरात्री नुसती भिंत ठोक, मी येते. टेसचा पाळणा आहे माझ्याकडे अजून, तुला देते. काही म्हणून एकटं वाटू द्यायची नाही मी तुला.” बोलताना तिनं मारिसोलच्या पाठीवर हात फिरवला. लोरेटाला तो हात दिसत होता. तिला वाटलं, याच हाताची आता कुणाला गरज पडेल ते देव जाणे, आणि मग वाटलं, देवाला निदान माहीत आहे.

बारा नंबरच्या व्हरांड्यावर कुणीतरी कुंडीत पाणी घालायला बाहेर आलं होतं. पाणी कुंडीतून वाहून पायरीवर सांडत होतं, तरी ती घालतच होती. आज ‘काय इंटेल?’ असं कुणी विचारलं नाही.

गाडीला टेकलेले दोघं सरळ झाले. टोप्या डोक्यावर गेल्या. तरुण होता त्याच्या हातात कागद नव्हता; त्यांना पाठ करून यावं लागतं. तो तिघींपुढे येऊन थांबला. त्यानं आधी मारिसोलच्या पोटाकडे पाहिलं, मग चेहऱ्याकडे, आणि त्याची मान किंचित, अगदी किंचित वळली.

“मिसेस क्रोल?”

डीनानं मारिसोलचा हात पुढे केला. “नाही, ही मिसेस ओकाम्पो. ही मारिसोल. क्रोल मी आहे.”

“मिसेस डीना क्रोल?”

“हो, पण तुम्हाला ही...”

ती थांबली. तिचा हात मारिसोलच्या पाठीवर होता तो तसाच राहिला. पाद्रीनं टोपी काढली.

“मॅम, आपण आत जाऊ या का?”

“माझ्याकडे मेल आहे,” डीना म्हणाली. तिनं खिसा चाचपला, कागद काढला, उघडून त्याच्यापुढे धरला. “हे बघा. तो मागच्या गाडीत होता. त्याला खरचटलंही नाही. त्यानं स्वतः लिहिलंय.”

तरुण अधिकाऱ्यानं तो कागद वाचला. वाचला नसता तरी चाललं असतं, पण त्यानं सगळा वाचला, तिन्ही ओळी. मग घडी घालून दोन्ही हातांनी परत दिला. “हो, मॅम,” तो म्हणाला. “हे सकाळचं आहे.”

डीनानं वळून लोरेटाकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. ‘तुम्हाला ठाऊक होतं’ असंही नव्हतं. लोरेटानं पुढे होऊन तिचा दंड धरला, मघाशी डीनानं तिचा धरला होता तिथेच.

आत हॉलमध्ये धुतलेल्या कपड्यांचा ढीग सोफ्यावर पडला होता, मेजावर दोन वाडगी, तळाशी दूध सुकलेलं. डीना तो ढीग उचलायला गेली. “बसायला जागा नाही,” ती म्हणत राहिली, “थांबा हं, बसायला जागाच नाही.” लोरेटानं ढीग तिच्या हातातून घेतला, वाडगी उचलली आणि सिंकपाशी गेली. नळ तिनं सोडला नाही. तो माणूस पाठ केलेली वाक्यं बोलत होता आणि त्यातला एकही शब्द पाण्याच्या आवाजात बुडू नये असं तिला वाटलं. काल दुपारी साडेतीननंतर, आपल्या घड्याळानं. दुसऱ्यांदा बाहेर गेले होते, बिघडलेली गाडी ओढून आणायला. डीनाकडून आवाज आला नाही. मग आला.

भिंतीपलीकडे, मारिसोलच्या घरात, फोनचे निरोप नोंदवणाऱ्या डब्यावरचा लाल दिवा लुकलुकत होता. सकाळपासून कचेरीतून पाचदा फोन येऊन गेला होता: टिओच्या कानाचा पडदा फाटला, दोन बोटं मोडली, काळजी नसावी. घरात आल्यावर हे ऐकून मारिसोल जमिनीवर बसली आणि हसू नये म्हणून पदरासारखा धरलेला टॉवेल तोंडात कोंबला, असं तिनं पुढे लोरेटाला सांगितलं. तिची आई टेक्सासहून आली, बाळ झालं, टिओ आला. पण त्या पाच घरांच्या अंतरात डीनाचा हात आपल्या पाठीवर होता ही गोष्ट ती कुणापाशीच बोलू शकली नाही.

अडीच वाजता लोरेटाच्या घरात फोन वाजला असणार. तारा सुरू झाल्या होत्या. गल्लीत एकेका घरातून घंटा ऐकू येऊ लागली, एका घरातून दुसऱ्या, जशी यादीवरच्या बाणांनी बातमी जायची तशी. रॉयचा असेल. नसेलही. तिनं जाऊन पाहिलं नाही. पावणेतीनला शाळेची बस येते.

डीनापाशी पाद्री बसला होता. लोरेटा अनवाणी बाहेर पडली. तिच्या चपला डीनाच्या पायांत होत्या आणि तिच्याकडून त्या मागायचं तिला सुचलं नव्हतं. गल्लीच्या तोंडाशी डांबर तापलं होतं. पिवळी बस थांबली, दार उघडलं आणि टेस क्रोल उतरली: सात वर्षांची, समोरचे दोन दात पडलेले, पाठीवर जांभळं दप्तर. तिनं लोरेटाला बघितलं, मग तिच्या अनवाणी पायांना. आणि आईसारखीच मान तिरकी करून विचारलं,

“काय इंटेल, मिस लोरेटा?”

लोरेटानं तिचं दप्तर आपल्या खांद्यावर घेतलं. काय माहीत आहे, ते तिनं मनात पुन्हा एकदा पडताळून पाहिलं. त्यातलं काय तिनं सांगायचं आणि काय दुसऱ्या कुणी, तेही.

“तुझी आई घरी आहे,” ती म्हणाली. “तुझी वाट बघतेय. हे मी आत्ता बघून आलेय.”

टेसनं तिचा हात धरला आणि दोघी चालू लागल्या.